सकाळी बसणारा, संध्याकाळी सुटणारा घसा: एका शिक्षिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

बाई माध्यमिक शाळेत शिकवतात. वय ५२. शाळेत सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात, इथेही तेच म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि हे लिहिण्याआधी त्यांची परवानगी घेतली आहे.

माझ्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा घसा धरून सात महिने झाले होते. सारखं खाकरावंसं वाटायचं. घशात काहीतरी अडकलंय, गिळलं तरी खाली जात नाही, अशी भावना. रात्री मधूनच ठसका लागून जाग यायची. सकाळी आवाज इतका बसलेला असायचा की पहिल्या तासाला त्या मुलांना सूचना फळ्यावर लिहून द्यायच्या.

सोबतच्या फाइलमध्ये एक अँटिबायोटिकचा कोर्स, दोनदा दिलेल्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, गुळण्यांची औषधं, छातीचा स्वच्छ एक्स-रे आणि थायरॉइडचा नॉर्मल रिपोर्ट होता. तीन वर्षांपासून रक्तदाबाची एक गोळी चालू होती. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, म्हणून ती आधी पाहिली. ही त्या जातीची नव्हती. पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. बांधा मध्यम, बीएमआय २७. सिगारेट नाही, दारू नाही.

छातीत जळजळ होते का, विचारलं. "कधीच नाही." आंबट ढेकर? "नाही हो डॉक्टर, मला अ‍ॅसिडिटीचा त्रासच नाही."

या 'नाही'चं मला तेव्हा काही वाटलं नाही. पोटातलं आम्ल घशापर्यंत चढतं त्या आजाराला आम्ही एलपीआर म्हणतो, आणि त्यात बऱ्याच जणांना जळजळ होतच नाही. अन्ननलिकेचं अस्तर आम्लाचा थोडाफार मारा सोसतं, स्वरयंत्राचं अस्तर त्या मानाने फार नाजूक. शिवाय पोटातलं पेप्सिन हे पाचक द्रव्य घशाच्या पेशींना चिकटून राहतं आणि पुन्हा आम्ल मिळालं की कामाला लागतं. त्यामुळे छातीला पत्ता नसतो आणि घसा मात्र बोंबलत असतो. हे सगळं मला पाठ होतं, आणि पाठ असलेली गोष्ट समोरच्या माणसाला किती चटकन लागू करावीशी वाटते, ते पुढे दिसेलच.

पहिलं निदान

दुर्बिणीतून पाहिलं तर स्वरयंत्राचा मागचा भाग लालसर होता आणि तिथलं अस्तर जाड झालेलं. स्वरपट्ट्या किंचित सुजलेल्या. गाठ, व्रण, लकवा काही नव्हतं. रिफ्लक्स सिम्प्टम इंडेक्स नावाची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण, एकूण ४५. २००२ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा १३ च्या वरचे गुण संशयास्पद धरावेत असं ठरलं. बाईंचे गुण आले २२.

मी कागदावर 'एलपीआर' लिहिलं. आम्ल कमी करणारी पीपीआय जातीची गोळी सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर. चहा-कॉफी कमी. पलंगाची डोक्याकडची बाजू सहा इंच उंच.

बाई शिस्तीच्या. त्यांनी वही घातली. गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, झोप किती वाजता, सगळं रकान्यांत. आठ आठवड्यांनी गुण १९ झाले आणि मी त्या तीन गुणांवर खूश झालो. रात्रीसाठी अल्जिनेटचं पातळ औषध जोडलं. आम्लावर तरंगून त्याला वर यायला अडसर घालतं ते. सोळा आठवड्यांनी गुण २०.

वही नीट, औषधं वेळेवर, आणि घसा होता तिथेच.

पहिला पेच: गोळी वाढवायची की निदान तपासायचं

अशा वेळी हमखास घडते ती चूक म्हणजे डोस वाढवणं, नाहीतर गोळीचा ब्रँड बदलणं. मीही पेन उचललंच होतं.

मला अडवलं ते दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे २०२१ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेली एक मोठी चाचणी. घशाची तक्रार दीर्घकाळ असलेल्या ३४६ जणांपैकी निम्म्यांना लॅन्सोप्राझोल ही पीपीआय जातीची गोळी दिवसातून दोनदा आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, असं सोळा आठवडे दिलं. सुधारणा दोन्ही गटांत झाली आणि जवळपास सारखीच झाली. याच प्रश्नावलीच्या गुणांवर. म्हणजे बाईंचे तीन गुण कमी होणं हा गोळीचा प्रताप आहे असं म्हणायला मला काही आधार नव्हता.

दुसरी गोष्ट दुर्बिणीची. तो लालसरपणा पाहून मी निदान पक्कं केलं होतं. पण २००२ मध्येच १०५ निरोगी स्वयंसेवकांचे घसे तपासले गेले होते, घशाची काही तक्रार नसलेल्यांचे. त्यांच्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त लोकांत 'रिफ्लक्सची' म्हणून समजली जाणारी एक ना एक खूण सापडली. घसा सतत खाकरून, तोंडाने श्वास घेऊन, बोलून बोलूनही लाल होतो. लाली आहे एवढं दुर्बीण सांगते, ती कशाने आली ते सांगत नाही.

डोस तसाच ठेवला आणि बाईंना आवाजाच्या थेरपिस्टकडे पाठवलं. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं की शिक्षिका आहेत, आवाजाचा अतिवापर असणार.

वहीतला रकाना

थेरपिस्टने पहिल्याच भेटीत बाईंना आवाजाचीही नोंद ठेवायला सांगितली. दिवसातून चार वेळा, दहापैकी गुण. दोन आठवड्यांनी तिचा मला फोन. "सर, यांचा आवाज सकाळी सहाला तीन, दुपारी सहा आणि शाळा सुटल्यावर आठ. रोज. सात तास घेतले त्या दिवशीसुद्धा आठ."

अतिवापराने बसणारा आवाज याच्या उलट वागतो. रात्रभर विश्रांती मिळालेला घसा सकाळी ताजा असायला हवा आणि दिवसभर घासून संध्याकाळी थकायला हवा. बाईंचा आवाज बोलून सुधारत होता आणि झोपून बिघडत होता. जे काही व्हायचं ते रात्री होत होतं.

अर्थात रिफ्लक्सही रात्री होतो, एवढ्यावर त्याला सोडून देता येत नव्हतं. पण मी कधीच न विचारलेले प्रश्न आता विचारले. झोप कशी लागते? "लागते, पण टिकत नाही." रात्री उठता का? "दोन-तीनदा, लघवीला." सकाळी तोंड? "लाकडासारखं कोरडं. उशाशी तांब्या लागतोच." सकाळी डोकं दुखतं? थोडं थांबून, "हो, पण ते वयाचं असेल ना?" दिवसा झोप येते? "झोप नाही येत, दमायला होतं."

घोरता का? या प्रश्नावर बाई जरा दुखावल्या. "मी नाही घोरत. ह्यांनी कधी सांगितलं नाही."

ह्यांनी सांगितलं नव्हतं कारण ह्यांचं कानाचं मशीन रात्री टेबलावर काढून ठेवलेलं असायचं. यजमान माझेच जुने रुग्ण. त्यांची श्रवणचाचणी मीच केली होती आणि मशीनशिवाय त्यांना किती कमी ऐकू येतं हे माझ्याच फाइलमध्ये होतं. त्या दोन फाइली मी शेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या, एवढंच.

घसा आणि अडणारा श्वास

ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्नियात झोपेत घशाची नळी पुन्हा पुन्हा मिटते किंवा अरुंद होते. छाती श्वास ओढत राहते, हवा मात्र आत जात नाही. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त असं झालं की तो एक अडथळा धरतात. तासाला असे किती, तो एएचआय. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र.

याचा रिफ्लक्सशी संबंध लावताना सगळ्यात आधी सुचते ती ओढीची कल्पना. बंद नळीतून श्वास ओढला की छातीतला दाब एरवीच्या श्वासापेक्षा कितीतरी जास्त उणे जातो, पाण्याच्या ५० सेंटिमीटर स्तंभाएवढा किंवा त्याहूनही जास्त. खाली पोटात दाब अधिक, वर छातीत उणे. मग पोटातलं वर खेचलं जाणारच, असा हिशोब. ऐकायला पटतो, पण शरीर एवढं भोळं नाही. अन्ननलिकेत दाबमापक नळी ठेवून मोजलं तेव्हा श्वास अडलेला असताना अन्ननलिकेच्या खालच्या आणि वरच्या दोन्ही झडपा उलट जास्त घट्ट होताना दिसल्या. म्हणजे ओढ असते, पण दारही दाबून धरलेलं असतं.

दार सुटण्याची शक्यता जास्त असते ती त्यानंतर, जाग येते तेव्हा. प्रत्येक अडथळ्याच्या शेवटी मेंदू काही सेकंद जागा होतो. आपल्याला ते सकाळी आठवतही नाही. अन्ननलिकेची खालची झडप अधूनमधून आपोआप सैल पडते आणि बहुतेक रिफ्लक्स त्याच वेळी होतो. हे सैल पडणं गाढ झोपेत दुर्मीळ, जागेपणी किंवा अशा अर्धवट जागेपणात जास्त. झोपेचे तुकडे झाले की त्याला तेवढ्या संधी मिळतात. वर आलेलं आम्ल खाली लोटायला जागेपणी गिळणं आणि लाळ असते. झोपेत दोन्ही जवळजवळ बंद, म्हणून रात्रीचं थोडंसं आम्लही बराच वेळ तिथेच बसून राहतं.

तिसरी गोष्ट आम्लाशिवायची आहे आणि ती आमच्या दवाखान्यांत फार कमी बोलली जाते. घोरणं म्हणजे टाळू आणि पडजीभ यांचं रात्रभर थरथरणं. तोंड उघडं, हवा कोरडी, भिंती एकमेकींवर आपटतायत. सकाळी असा घसा सुजलेला, कोरडा, लाल आणि खाकरायला लावणारा असणारच. त्याला रिफ्लक्सच्या प्रश्नावलीत सहज पंधरा-वीस गुण मिळतील, पोटातला एक थेंबही वर न येता.

उलट्या दिशेनेही रस्ता आहे. सतत आम्ल लागून घशाचं अस्तर सुजलं तर नळी आणखी अरुंद होते. तिथली संवेदना बोथट झाली तर नळी मिटायला लागल्यावर ती उघडी धरणारे स्नायू उशिरा जागे होतात. भरीला जास्त वजन हे दोन्ही आजारांना पोसतं, म्हणून दोन्ही एकाच माणसात सापडले तर एकाने दुसरा घडवला असं लगेच म्हणता येत नाही. बाईंच्या बाबतीत वजनाचा वाटा लहान होता. वय आणि पाळी जाणं यांचा मोठा असावा. पाळी गेल्यावर बायकांमध्ये अ‍ॅप्नियाचं प्रमाण वाढतं. शिवाय बायका जोरदार घोरण्याची किंवा दिवसा पेंगण्याची तक्रार घेऊन येतातच असं नाही. झोप टिकत नाही, थकवा आहे, सकाळी डोकं दुखतं, असं सांगतात. बाईंनी हे सगळं सांगितलं होतं. मी विचारल्यावर.

फोनवरची रात्र

मी त्यांना एक रात्र फोनवर आवाज रेकॉर्ड करायला सांगितला. फोन उशाशी, साधं रेकॉर्डिंगचं अ‍ॅप.

ते आम्ही दवाखान्यात एकत्र ऐकलं. पहाटे चारच्या सुमाराचा तुकडा. संथ घोरणं, ते चढत जातं, मग एकदम शांतता. मी घड्याळाकडे पाहत होतो. अठरा, वीस, बावीस सेकंद. मग बुडणारा माणूस वर येतो तशी हाऽऽ करून श्वासाची ओढ. लगेच एक मोठा आवंढा. मग खाकरणं, दोनदा. नंतर पुन्हा घोरणं सुरू.

बाईंनी फोन बंद केला. "हे खाकरणं माझंच आहे. पण मला कसं आठवत नाही?"

पुढच्या चाळीस मिनिटांत तोच क्रम तेरा वेळा होता.

पर्याय काय होते

आता पुढे काय, हे छातीविकाराच्या सहकाऱ्याशी बोलून ठरवलं.

एक, अन्ननलिकेची २४ तासांची पीएच-इम्पिडन्स चाचणी. नाकातून बारीक नळी घालून आम्ल खरंच किती वेळा आणि किती वरपर्यंत येतं ते मोजतात. रिफ्लक्सचा वाद मिटवायचा तर हीच. बाईंना नळीची धास्ती होती. त्या नको म्हणाल्या आणि मी फार रेटलं नाही.

दोन, पोटाची एंडोस्कोपी. गिळताना अडत नव्हतं, वजन उतरत नव्हतं, रक्तक्षय नव्हता, जळजळही नव्हती. तातडीचं कारण दिसेना.

तीन, पीपीआय तसंच आणखी तीन महिने. याच्या बाजूने बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चार, झोपेची तपासणी. दिवसा किती पेंग येते ते विचारणाऱ्या, चाळणीसाठी वापरतात त्या एपवर्थ प्रश्नावलीत बाईंचे गुण २४ पैकी ९ आले, म्हणजे नॉर्मल. अ‍ॅप्नियाचा धोका जोखणाऱ्या स्टॉप-बँग या दुसऱ्या प्रश्नावलीत आठपैकी थकवा, रक्तदाब आणि ५० च्या वरचं वय असे तीन, रेकॉर्डिंगनंतर घोरणं धरून चार. मधला धोका. स्टॉप-बँगमध्ये पुरुष असण्याला एक गुण, जाड मानेला एक, बीएमआय ३५ च्या वर असेल तर आणखी एक. मध्यम बांध्याची बाई तिथे तीन गुण मागेच राहते. एपवर्थच्या ९ वर विसंबलो असतो तर तपासणी झालीच नसती.

घरच्या घरी होणारी चाचणी आधी केली. बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप, नाकाशी नळी, छातीला पट्टा. एएचआय आला ११. सौम्य.

दुसरा पेच: सौम्य म्हणून सोडायचं का

११ आकडा बघून बाईंना हायसं वाटलं. म्हणाल्या, "म्हणजे तसं काही नाही ना?" सौम्य अ‍ॅप्नियाला कुशीवर झोपा, वजन थोडं उतरवा, असा सल्ला देऊन प्रकरण मिटवता आलं असतं, आणि तो सल्ला चुकीचाही ठरला नसता.

सहकाऱ्याने रिपोर्टची पानं उलटून दाखवली. घरची चाचणी मेंदूच्या लहरी टिपत नाही, त्यामुळे झोप नक्की किती झाली हे तिला कळत नाही. भागाकार होतो तो मशीन चालू असलेल्या तासांनी. बाई त्या रात्री नव्या तारांमुळे दीड-दोन तास तळमळत होत्या, ते तासही छेदात गेले आणि आकडा खाली आला. ज्या अडथळ्यांत ऑक्सिजन फारसा उतरत नाही, फक्त झोपमोड होते, तेही तिच्या हातून निसटतात. आणि ऑक्सिजनचा आलेख रात्रभर सारखा नव्हता. पहाटे त्याला करवतीसारखे दाते होते.

म्हणून प्रयोगशाळेत रात्रभराची पूर्ण पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे मेंदूच्या लहरींसकट झोपेची तपासणी केली. एकूण एएचआय १९. पण स्वप्नांची, म्हणजे आरईएम झोप वेगळी काढली तर ४३. ऑक्सिजन सगळ्यात खाली ८१ टक्क्यांवर. आरईएममध्ये शरीराचे बहुतेक स्नायू सैल पडतात आणि ही झोप पहाटेकडे दाट होत जाते. बायकांमध्ये आरईएमपुरता वाढणारा अ‍ॅप्निया जास्त दिसतो. उठायच्या आधीचे दोन तासच सर्वांत वाईट. सकाळी सहाला आवाजाला दहापैकी तीन का, याला प्रथमच आकड्यांची जोड मिळाली.

सीपॅप, आणि घसा आणखी बिघडला

सीपॅप हे मास्कमधून हलक्या दाबाची हवा देऊन घशाची नळी उघडी ठेवणारं यंत्र. १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी ते पहिल्यांदा वापरून दाखवलं. त्याचा रात्रीच्या रिफ्लक्सवरही परिणाम होतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत ३३१ अ‍ॅप्निया रुग्णांपैकी ६२ टक्क्यांना रात्री रिफ्लक्सचा त्रास होता. सीपॅप नेमाने लावणाऱ्यांचा तो त्रास सरासरी ४८ टक्क्यांनी उतरला, न लावणाऱ्यांचा जिथल्या तिथे राहिला. हे मी बाईंना मोठ्या उत्साहाने सांगितलं. सांगायला नको होतं.

तीन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा रिफ्लक्सच्या प्रश्नावलीचे गुण २३ होते, सुरुवातीपेक्षाही वर. घसा सुकलेला, पोट गच्च, सकाळभर ढेकरा. "पूर्वी ढेकर येत नव्हती डॉक्टर, आता येते." मास्क रोज रात्री दोनच्या सुमाराला काढून फेकलेला.

पीपीआय वाढवा म्हणायला ही पुन्हा एक सोपी संधी होती. ढेकर, पोट फुगणं, घसा खवखवणं, सगळं रिफ्लक्ससारखंच. पण ती ढेकर आम्लाची नव्हती, हवेची होती. यंत्राच्या कार्डावरची नोंद वाचली. दाब आपोआप बदलणारं यंत्र कारखान्यातून येतं तसंच, पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटरच्या मोकळ्या मर्यादेत सोडलेलं होतं. पहाटे तोंड उघडलं की हवा गळायची, यंत्राला वाटायचं नळी मिटली, ते दाब १६-१७ पर्यंत चढवायचं आणि त्यातली बरीच हवा बाई गिळायच्या.

मग दुरुस्त्या झाल्या. कमाल दाब ११ वर आणला, किमान ६ वर नेला. हवा दमट करणारा गरम पाण्याचा ह्युमिडिफायर जोडला. नाक डावीकडून चोंदलेलं होतं म्हणून बाई तोंड उघडत होत्या. ते मी पहिल्या दिवशी पाहिलं होतं आणि 'किरकोळ' असं लिहिलं होतं. नाकात स्टिरॉइडचा फवारा दिला, मास्क बदलला. झोपायचं डाव्या कुशीवर. डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीला राहतं, त्यामुळे रिफ्लक्स कमी होतो. शिवाय उताणं झोपणं टळलं की अ‍ॅप्नियाही उतरतो.

पाचव्या आठवड्यात बाईंनी सलग पाच तास मास्क लावला. त्या दिवशी वहीत आवाजापुढे सकाळी सहाला 'सहा' लिहिलेलं आहे आणि त्याखाली दोन रेघा.

परिणाम

तीन महिन्यांनी यंत्राचा वापर सरासरी साडेपाच तास, उरलेला एएचआय ३, प्रश्नावलीचे गुण ९. रात्रीचा ठसका बंद. लघवीला उठणं एकवर आलं. सकाळची डोकेदुखी कधी गेली ते त्यांना सांगता आलं नाही, ती गेल्याचं मी विचारल्यावर लक्षात आलं.

पीपीआय एकदम थांबवली नाही. दीर्घकाळ घेतलेली ही गोळी अचानक सोडली की पोट काही दिवस उलट जास्त आम्ल बनवतं, आणि 'बघा, गोळी लागतेच' असा गैरसमज होतो. आधी दोनाची एक, मग एक दिवसाआड, मग बंद. सहा आठवडे लागले. मधे गुण १२ पर्यंत गेले, नंतर ८ वर स्थिरावले.

मग एक प्रयोग आपोआपच झाला. यंत्र दुरुस्तीला गेलं आणि नऊ रात्री बाई त्याविना झोपल्या. तिसऱ्या सकाळी खाकरणं परतलं, सहाव्या सकाळी आवाज चारवर. पीपीआय तेव्हा बंदच होती. यंत्र आलं आणि आठवड्यात पूर्ववत. मूळ रात्रीच्या श्वासात होतं असं मानायला मला हा सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो. तरी त्यातून आम्ल निर्दोष सुटतं असं नाही. सीपॅप अ‍ॅप्निया नसलेल्या माणसाचाही रिफ्लक्स थोडा कमी करतो, बहुधा छातीतला दाब वाढवून. म्हणजे यंत्राने घोरणं थांबवलं, झोपमोड थांबवली आणि कदाचित आम्लही अडवलं. बाईंच्या घशात कशाचा वाटा किती होता हे या क्रमाने गेल्यावर वेगळं काढता येत नाही.

दुर्बिणीत लाली कमी झाली आहे, गेलेली नाही. दिवसा खाकरायची सवय उरली होती, ती थेरपिस्टने सोडवली. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी, नाहीतर कोरडा आवंढा. दीड वर्षांची सवय होती, जायला दोन महिने लागले. सगळ्यात चिवट तीच निघाली.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट क्रमाची. जळजळ नाही आणि फक्त घशाची तक्रार आहे, अशा रुग्णाला पीपीआय सुरू करण्याआधी रिफ्लक्सची प्रत्यक्ष चाचणी करावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीने २०२२ च्या मार्गदर्शनात सांगितलं आहे. मी उलट केलं, आधी गोळी आणि मग प्रश्न. नळीला बाई घाबरल्या हे खरं. पण पहिल्या महिन्यात, 'याने चार महिन्यांच्या गोळ्या वाचू शकतात' असं सांगून विचारलं असतं तर कदाचित तयार झाल्या असत्या. सोळा आठवडे गोळ्या खाऊन दमलेल्या माणसाला नाकातून नळी घालू का विचारणं ही वेगळी गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. 'कधी जास्त?' हा प्रश्न मी विचारला होता. माझ्या पहिल्या नोंदीत 'सकाळी जास्त' असे दोन शब्द आहेत. ते मी रिफ्लक्सच्या बाजूने धरले आणि पुढे गेलो. 'संध्याकाळी कसा असतो?' एवढं विचारलं असतं तर चार महिने वाचले असते. थेरपिस्टने ते विचारलं कारण तिच्याकडे रुग्णासाठी पाऊण तास असतो. माझ्याकडे दहा मिनिटं. ही सबब आहे हे मला माहीत आहे.

घोरण्याबद्दल कुणाला विचारावं, हाही धडा मिळाला. एकटं झोपणाऱ्याला, किंवा शेजारी ऐकू न येणारा जोडीदार असलेल्याला 'घोरता का' विचारून काही मिळत नाही. अशांना मी आता थेट एका रात्रीचं रेकॉर्डिंग मागतो. त्यावर निदान करत नाही. पुढे झोपेची तपासणी लागेल की नाही, एवढं ठरायला ते पुरतं.

सीपॅप सुरू करताना पहिल्या आठवड्यातच कार्डावरची नोंद वाचायला हवी होती. बाई तीन आठवडे हवा गिळत राहिल्या. त्या शिस्तीच्या होत्या म्हणून परत आल्या. बरेच जण यंत्र कपाटात ठेवतात आणि पुन्हा गोळी सुरू करतात.

प्रत्येक जुनाट खाकरणाऱ्याची झोप तपासावी असं मात्र मी म्हणत नाही. तेही दुसऱ्या टोकाचं आंधळेपण होईल. सरळसरळ रिफ्लक्स असलेले, अ‍ॅलर्जीचे, आवाज चुकीचा वापरणारे रुग्ण माझ्याकडे रोज येतात आणि नेहमीच्या उपायांनी बरे होतात. आठ-बारा आठवडे नीट औषध घेऊनही घसा हलत नसेल, तक्रार सकाळी जास्त असेल आणि सोबत कोरडं तोंड, रात्री लघवीला उठणं, रक्तदाब यांतलं काही असेल, तर मी डोसकडे न वळता झोपेकडे वळतो.

गेल्या भेटीला यजमानही आले होते. यंत्राचा आवाज त्यांना होतो का, विचारलं. ते कानाचं मशीन नीट बसवत म्हणाले, "कसला आवाज?" बाई हसल्या, आणि हसताना त्यांना ठसका लागला नाही. ते मी नोंदीत लिहिलं.